यंत्र जुने असू द्या, कंपायलर कशाला?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जुने संगणक निकामी का होतात, यावर आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. पुढच्या आठवड्यात त्यावर छापलेली दोन पत्रेही वाचली. लेखकाचे म्हणणे, कंपन्या जुन्या मशिनांना मुद्दाम वाऱ्यावर सोडतात. एका पत्रलेखकाचे म्हणणे, जुन्या मशिनांना चिकटून बसणाऱ्यांमुळेच बाकीच्यांची सॉफ्टवेअर असुरक्षित राहतात. दोघांचेही मला थोडे थोडे पटते. पण दोघांनी एकाच दाव्याला दोन जनावरे बांधली आहेत, आणि ती सोडवून वेगळी केल्याशिवाय भांडण मिटायचे नाही.

मी गेली २४ वर्षे एकच काम करते. प्रयोगशाळेतली मोजमापाची यंत्रे जो डेटा फाइलमध्ये लिहितात, तो वाचणारी एक लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रामांनी वापरायचा तयार कोड, आमची कंपनी विकते. ती जुन्या मशिनांवरही चालत राहील हे पाहणे माझ्याकडे. ऑफिसात मला ‘पुराणवस्तू विभाग’ म्हणतात. मला नाव आवडते.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगते, की प्रोग्रामर लिहितो ते मशिनला थेट कळत नाही. ते मशिनच्या भाषेत उतरवून देणारा प्रोग्राम म्हणजे कंपायलर. भाषा दर काही वर्षांनी सुधारते, कंपायलर तिच्यामागून धावतात, आणि काही वाटेतच बसून घेतात.

वाटेत बसल्याचे एक उदाहरण मला रोज भोगावे लागले. सी भाषेचे पहिले प्रमाण, म्हणजे नियमांचा अधिकृत संच, १९८९ चे. त्यात व्हेरिएबल, म्हणजे किंमत साठवायची नावे, ब्लॉकच्या सुरुवातीलाच जाहीर करावे लागत. १९९९ च्या प्रमाणाने हे बंधन काढले. हवे तिथे, अगदी फॉर लूपच्या (तेच काम पुन्हा पुन्हा करणाऱ्या रचनेच्या) कंसातही जाहीर करा म्हणाले. मायक्रोसॉफ्टच्या सी कंपायलरने ही मुभा दिली ती व्हिज्युअल स्टुडिओ २०१३ मध्ये. मधली १४ वर्षे ज्या कुणाला आपला सी कोड विंडोजवरच्या त्या कंपायलरमधूनही जायला हवा होता, त्याने १९८९ च्याच बोलीत लिहिले. आम्हीही. सवय इतकी मुरली की २०१३ उलटून गेल्यावरही आमच्या नियमावलीतले ते कलम कुणी खोडले नाही.

मग आमच्याकडे एक नवा मुलगा आला. पहिल्याच आठवड्यात त्याने लूपच्या कंसात ‘इंट आय’ लिहिले, म्हणजे व्हेरिएबल तिथेच जाहीर केले, आणि मी ते परत पाठवले. तो म्हणाला, ‘मॅडम, हे १९९९ पासून चालतं. माझा जन्म त्याच्यानंतरचा आहे.’ मी त्याला सांगितले, आपल्याला एक जुना कंपायलर सांभाळावा लागतो. त्याने विचारले, ‘कुणासाठी?’ मी तोंड उघडले आणि माझ्या लक्षात आले की ज्याच्यासाठी सांभाळतो असा एकही माणूस मला आठवत नाही.

त्या संध्याकाळी मी बसून शोधले. आमच्या कोडमध्ये ठिकठिकाणी इफडेफ आहेत, म्हणजे ‘अमुक कंपायलर असेल तर हा भाग घे, नसेल तर तो’ अशा फांद्या. त्या विशिष्ट कंपायलरच्या एका फांदीत शेवटचा महिरपी कंस नव्हता. नव्हताच. म्हणजे त्या कंपायलरवर आमची लायब्ररी बनणेच शक्य नव्हते. बदलांचा इतिहास काढला तर कंस उडाल्याला ७ वर्षे झाली होती आणि उडवणारी मीच होते. ७ वर्षांत एकही तक्रार नाही. आणि या ७ वर्षांत छापलेल्या आमच्या प्रत्येक माहितीपुस्तिकेत ‘हा कंपायलर चालतो’ असे ठळक अक्षरांत होते. त्याच्या नावाने आम्ही माणसांना जुन्या बोलीत लिहायला लावत होतो, आणि तो घरी केव्हाच मेलेला होता.

हे आमच्यापुरतेच असते तर मी पत्र लिहिले नसते. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या इंटरनेटवरची देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या लायब्ररीतले ‘हार्टब्लीड’ नावाचे भोक उघड झाले ते वाचकांना आठवत असेल. सर्व्हरच्या मेमरीतला मजकूर कुणालाही थोडा थोडा उपसून घेता येत होता. मूळ चूक लांबी न तपासण्याची, साधीच होती. पण तिच्या शेजारी आणखी एक गोष्ट होती. काही सिस्टिमांवर मेमरी मागणे आणि परत करणे संथ आहे म्हणून ओपनएसएसएलने स्वतःचा एक साठा ठेवला होता. वापरलेले तुकडे सिस्टिमला परत न देता तो तेच पुन्हा वापरी. त्यामुळे ज्या सिस्टिमांनी मेमरीच्या अशा गैरवापरावर पहारे बसवले होते, त्यांच्या पहाऱ्यांना कामच उरले नाही. हा साठा बंद करायची सोय कोडमध्ये होती. ओपनबीएसडी या सिस्टिमच्या मंडळींनी ती चालू करून पाहिली तेव्हा लायब्ररीच चालेना, कारण दुसरीकडचा कोड नकळत त्या साठ्यावरच विसंबून होता. ती फांदी कुणी तपासतच नव्हते. आमच्या कंसाचाच हा मोठा भाऊ. त्यांनी मग लिब्रेएसएसएल नावाने वेगळी चूल मांडली आणि पहिल्या आठवडाभरातच सुमारे ९०,००० ओळी काढून टाकल्या. त्यांत कालबाह्य सिस्टिमांसाठी जपलेल्या पुष्कळ होत्या.

दुसरे उदाहरण मार्च २०२४ चे. एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या लायब्ररीत कुणीतरी चोरदरवाजा बसवला होता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला सर्व्हरवरचे लॉगिन सुमारे अर्धा सेकंद उशिरा होते आहे असे दिसले, तो त्या अर्ध्या सेकंदाच्या मागे लागला, म्हणून सापडला. चोरदरवाज्याचा एक धागा बिल्डच्या, म्हणजे कोडपासून प्रोग्राम बनवण्याच्या, स्क्रिप्टमध्ये लपवला होता. प्रत्येक जुन्या युनिक्सवर काय आहे, काय नाही हे चाचपून पाहणारी ही स्क्रिप्ट हजारो ओळींची असते आणि ती कुणी वाचत नाही. मीही वाचत नव्हते. ‘स्टडलिब ही फाइल आहे का’ हे, ती सगळीकडेच असताना, आजही तपासणाऱ्या स्क्रिप्टमध्ये आणखी दहा ओळी वाढल्या तर कुणाच्या डोळ्यांत येणार?

इतके वाचून वाटेल, ही बाई जुने सगळे जाळायला निघाली आहे. थांबा.

कंस सापडला त्या उत्साहात मी दोन महिन्यांत बरीच साफसफाई केली. त्यात विंडोज एक्सपीही गेले. २००१ ची सिस्टिम, मायक्रोसॉफ्टचा पाठिंबा ८ एप्रिल २०१४ ला संपलेला. कुणाला काय वाटणार? तिसऱ्या आठवड्यात एका प्रयोगशाळेतून फोन आला. नव्या आवृत्तीत आम्ही दाब मोजण्याच्या गणितातली एक चूक दुरुस्त केली होती. ती दुरुस्ती त्यांना हवी होती आणि नवी आवृत्ती त्यांच्याकडे सुरूच होत नव्हती. मी जरा वरच्या पट्टीत विचारले की अजून एक्सपी का वापरता? पलीकडच्या तंत्रज्ञांनी शांतपणे सांगितले, ‘मॅडम, यंत्र जुनं नाहीये. त्याला जोडलेला कॉम्प्युटर जुना आहे.’

मग त्यांनी सविस्तर समजावले. मोजमापाचे यंत्र अजून चोख आकडे देते. ते संगणकाला एका कार्डाने जोडलेले आहे. त्या कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे सिस्टिमकडून ते चालवून घेणारा प्रोग्राम, एक्सपीपुरताच बनला आणि बनवणारी कंपनी आता राहिली नाही. संगणक बदलायचा तर कार्ड बदलायचे, कार्ड बदलायचे तर यंत्र बदलायचे, आणि यंत्र बदलले की आधीच्या सगळ्या मोजमापांशी नव्याचा मेळ घालण्यात दोन वर्षे जाणार. तो संगणक कुठल्याही नेटवर्कला जोडलेला नाही. फाइली पेनड्राइव्हवरून जातात आणि तो पेनड्राइव्हही दुसऱ्या कशाला लावायचा नाही अशी चिठ्ठी त्याला अडकवलेली आहे. सुरक्षेवरून जुन्या मशिनवाल्यांना झोडपणाऱ्या आपल्या पत्रलेखकाने ही चिठ्ठी एकदा पाहावी. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस पसरला तेव्हा मायक्रोसॉफ्टनेसुद्धा तीन वर्षांपूर्वी सोडून दिलेल्या एक्सपीसाठी पॅच काढलाच होता. म्हणजे जगात अशी मशिने किती आणि कुठकुठल्या जागी असतात, याचा अंदाज त्यांनाही असावा.

फोन ठेवला आणि मला ती दोन जनावरे वेगळी दिसली. जुनी सिस्टिम एक आणि जुना कंपायलर दुसरा. त्या प्रयोगशाळेला एक्सपी हवे होते. एक्सपीच्या काळातला कंपायलर त्यांना नको होता. तो कुठला हेही त्यांना ठाऊक नव्हते, आणि का असावे? कंपायलर माझ्या टेबलावर चालतो, त्यांच्या नाही. व्हिज्युअल स्टुडिओ २०१७ मधल्या कंपायलरचाच एक संच एक्सपीवर चालणारे प्रोग्राम बनवून देतो. १९९९ ने दिलेली मुभा त्यात आहे, सी प्लस प्लसच्या पुष्कळ नव्या सोयी आहेत. माझे दोन दिवस गेले, तेही बहुतेक एकाच कारणाने, की एक्सपीत नसलेले एक फंक्शन आम्ही सहज म्हणून वापरले होते. लायब्ररी त्यांच्याकडे सुरू झाली. नव्या मुलाचा ‘इंट आय’ लूपच्या कंसात तसाच आहे.

लिनक्सवर हाच धडा मी आधी उलट बाजूने शिकले होते, पण तेव्हा तो डोक्यात शिरला नव्हता. आमचे बरेच ग्राहक सेंटओएस ७ या लिनक्सच्या आवृत्तीवर होते. तिच्यासोबत येणारा कंपायलर जीसीसी ४.८.५. त्याला सी प्लस प्लसचे २०११ चे प्रमाण येते असे सगळे म्हणत, म्हणून मी मजकुरात नमुने शोधणारी रेजेक्सची सोय वापरली. छान कंपाइल झाले. चालवले तर साध्या ‘शून्य ते नऊ’ अशा चौकटी कंसावर प्रोग्राम अपवाद फेकून आडवा. दोन दिवस मी स्वतःच्या कोडमध्ये चूक शोधत होते. शेवटी कळले की ४.८ मध्ये रेजेक्सची हेडर फाइल आहे, पण तिच्यामागचे काम पुरे झालेले नाही. ते झाले ४.९ मध्ये. पाटी लावलेली, आत दुकान नाही. तेव्हा मी काय केले? तो भाग हाताने लिहून काढला, २०० ओळींचा, आणि स्वतःची पाठ थोपटली. करायला हवे होते ते वेगळेच. रेड हॅट या लिनक्स विकणाऱ्या कंपनीने याच सिस्टिमांसाठी डेव्हटूलसेट नावाने नवे कंपायलर दिले होते. नव्या लायब्ररीतले जे तुकडे जुन्या सिस्टिमवर नाहीत ते प्रोग्राममध्येच जोडून टाकायचे आणि जे आहेत ते सिस्टिमचेच वापरायचे, अशी त्याची युक्ती. ग्राहकाला काहीही नवे बसवावे लागत नाही. ते २०० ओळींचे प्रकरण मी गेल्या वर्षी काढले. काढताना त्यात दोन बग सापडले, तेही माझेच.

उलट दिशेने हे चालत नाही हेही सांगायला हवे. नव्या लिनक्सवर, नव्या जीलिबसीशी (लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीशी) जोडून बनवलेला प्रोग्राम जुन्या मशिनवर नेला की ‘जीलिबसी २.२८ सापडली नाही’ असल्या एका ओळीत संपतो. २०२४ च्या सुरुवातीला व्हीएस कोड या मायक्रोसॉफ्टच्या कोड लिहिण्याच्या प्रोग्रामच्या १.८६ या आवृत्तीने दूरच्या मशिनला जोडण्यासाठी नेमकी हीच अट घातली, आणि जीलिबसी २.१७ असलेल्या सेंटओएस ७ वर काम करणारे असंख्य लोक एका सकाळी आपल्याच सर्व्हरबाहेर पडले. आरडाओरडा झाला आणि थोड्याच दिवसांत अट तात्पुरती मागे घेतली गेली. सेंटओएस ७ ची मुदत ३० जून २०२४ ला संपणारच होती, म्हणजे जाहीर तारखेला अजून काही महिने होते. माझ्या मते संताप जुनी सिस्टिम सोडल्याचा कमी आणि न सांगता सोडल्याचा जास्त होता.

जुना कंपायलर खरोखरच सोडता येत नाही अशी माणसेही आहेत, आणि ती शोधायची एक पद्धत मी गिट या, कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या, प्रकल्पाकडून उचलली. त्यांनी २०१७ मध्ये १९९९ च्या प्रमाणातली एक सोय कोडच्या एका कोपऱ्यात वापरून सोडून दिली, हवेत फुगा सोडतात तशी. कुणाचा कंपायलर अडला तर तो बोंब मारेल, ती एक जागा लगेच पूर्ववत करता येईल; कुणीच ओरडले नाही तर पुढे जायचे. आम्हीही असा एक फुगा सोडला. दोन आवृत्त्यांत एक पत्र आले. लिहिणारे गृहस्थ यंत्राच्या आतल्या छोट्या कंट्रोलरसाठी आमचा थोडासा कोड वापरतात. त्या चिपसाठी एकच कंपायलर आहे, तो चिपवाल्यांचा, आणि त्या कंपायलरसकट सगळ्या रचनेला सुरक्षेचे प्रमाणपत्र मिळालेले आहे. कंपायलर बदलला की प्रमाणपत्र पहिल्यापासून. त्यांच्यासाठी आम्ही फाइल वाचणारा मूळ गाभा १९८९ च्या बोलीतच ठेवला. तो ३,००० ओळींचा आहे आणि त्याला ती बोली शोभते. कर्ल हा नेटवरून फाइली आणणारा-पाठवणारा प्रोग्राम तर सगळाच त्या बोलीत लिहितात, आणि त्याचे कर्ते डॅनियल स्टेनबर्ग ते का हे विचारणाऱ्याला नीट समजावूनही सांगतात. जाणूनबुजून निवडलेल्या जुन्या बोलीबद्दल माझे भांडण नाही.

उगाच राहून गेलेल्या बोलीबद्दल आहे. आणि ती नुसती कुरूप असते असेही नाही. लिनक्सचा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, २०२२ पर्यंत १९८९ च्या बोलीत, जीसीसीने स्वतः घातलेल्या जोडींसह, लिहिला जात होता. तिथे यादीवरून फिरणारा पॉइंटर, म्हणजे मेमरीतल्या जागेकडे बोट दाखवणारा व्हेरिएबल, लूपच्या बाहेर जाहीर करावा लागे आणि लूप संपल्यावरही तो जिवंत राही. यादी पुरी फिरून झाली असेल तर तो खऱ्या नोंदीकडे बोट न दाखवता भलत्याच जागेकडे दाखवतो, आणि कुणीतरी पुढे तोच वापरतो. अशा चुकांवरची चर्चा शेवटी आली ती या प्रश्नावर, की तो पॉइंटर लूपच्या आतच का जाहीर करू नये? ५.१८ या आवृत्तीपासून कर्नल २०११ च्या प्रमाणावर गेला. आदल्या वर्षी ५.१५ मध्ये किमान जीसीसी ५.१ ची अट आली होती म्हणून हे जमले. माझ्याकडच्या नव्या मुलाला हे माहीत नव्हते. मीच त्याला सांगितले, आणि सांगताना मला जरा कसेसेच झाले.

आता लेखकाच्या मूळ आरोपाकडे, की सोडून देणे हा अन्याय आहे. कुणी सोडून दिले हे आधी विचारा. २०२१ मध्ये पायथन भाषेतल्या क्रिप्टोग्राफी या पॅकेजने काही भाग रस्ट या नव्या भाषेत लिहिला, तेव्हा अल्फा, पीए-रिस्क असल्या प्रोसेसरांवर ते बनेना, कारण तिथे रस्टच पोचलेले नव्हते. त्या प्रोसेसरांचे उत्पादन केव्हाच थांबलेले आहे. तरी सांभाळणाऱ्यांना लोकांनी अद्वातद्वा बोलून घेतले. त्यांच्याशी ना करार, ना पैशाचा व्यवहार. लिनक्सने डिसेंबर २०१२ मध्ये इंटेलच्या ३८६ या प्रोसेसरचा पाठिंबा काढला, आणि लिनक्स जन्मले तेच १९९१ मध्ये ३८६ वर. फुकट देणाऱ्याने आपल्या घरातले काय ठेवावे हे त्याने ठरवावे. आमच्यासारख्या विकणाऱ्यांचे तसे नाही. आम्ही ‘चालते’ असे छापून पैसे घेतो. ते खरोखर चालवून पाहणे आणि कधीपर्यंत चालवणार हे छापणे, दोन्ही आमच्या गळ्यात. एसक्यूलाइट या डेटाबेसवाले आपण २०५० पर्यंत सांभाळू असे जाहीरच लिहितात. मी व्यवस्थापनासमोर हे उदाहरण ठेवले तेव्हा एक साहेब म्हणाले, तारीख छापली तर ग्राहक घाबरतील. तारीख नसलेल्या ७ वर्षांच्या तुटक्या कंसाने कुणी घाबरले नाही, हे खरे आहे.

शेवटी पुस्तिकेतले ‘चालते’चे पान आम्ही बदलले. आधी त्यात १९ सिस्टिमांची नावे होती, आता ६ आहेत. प्रत्येकीसमोर ती रोज रात्री तपासणारे मशिन कुठले, अडले तर कुणाला उठवायचे आणि शेवटची तारीख काय, असे तीन रकाने आहेत. रात्री जिचे बिल्ड होत नाही तिचे नाव पानावर राहत नाही. एक्सपी त्या ६ मध्ये आहे. तिच्यासाठी मी एक जुने मशिन माझ्या टेबलाखाली ठेवले आहे. पंख्याचा आवाज फार करते.

एक्सपीच्या तारखेसाठी मी त्या प्रयोगशाळेला विचारले. तंत्रज्ञांनी उत्तर पाठवले, ‘यंत्र मोडेपर्यंत’. तसे छापता येत नाही म्हणून मी त्यांच्या फाइली पुन्हा उघडून पाहिल्या. यंत्राचे स्वतःचे सॉफ्टवेअर मोजमापाची वेळ १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत, ३२ बिटांच्या आकड्यात लिहिते, आणि ते सॉफ्टवेअर आता कुणालाच बदलता येणार नाही. तो आकडा १९ जानेवारी २०३८ ला, आंतरराष्ट्रीय वेळेप्रमाणे पहाटे ३ वाजून १४ मिनिटे ७ सेकंदांनी भरतो. रकान्यात मी १८ जानेवारी २०३८ लिहिले. त्यांचा निरोप आला, चालेल, पण १९ तारखेला सकाळी तुम्ही फोनजवळ असा.

नाव प्रसिद्ध करू नये ही विनंती.

आपली,
एक वाचक